पायांची सही

उमाकांत बुगडच्या घरगाडीत स्वयंपाकाचा ओटा सव्वादोन फुटांचा होता आणि सायकलींचं गॅरेज सात फुटांचं. गाडी तयार होत असतानाच शैलजानं यावरून एकदा तोंड उघडून पाहिलं होतं. "ओट्यावरची पिठाची परात कोन चोरून न्हेतंय व्हय? सायकली न्हेतील की," एवढं बोलून त्यानं विषय मिटवला. चौतीस वर्षं इचलकरंजीत मागांचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काम केलेला माणूस तो. बिघडलेला माग दुसऱ्या खोलीतून नुसता ऐकून 'तिसऱ्या ओळीतला, डाव्या बाजूचा' असं सांगायचा आणि जाऊन बघितलं तर तोच निघायचा. असल्या माणसाशी यंत्राच्या गोष्टीवर वाद घालण्यात अर्थ नसतो, हे शैलजाला लग्नानंतर दोनेक महिन्यांतच कळलं होतं.

जुनी मिनीबस घेऊन ती घरगाडी त्यानं स्वतः बांधली. मागे पलंग आणि पलंगाखाली गाडीच्या रुंदीभर गॅरेज, बाजूला दार. ई-सायकल म्हणजे काय फूल नव्हे. एकेक सव्वीस किलोची. रूळ त्यानं प्लायवूडला न ठोकता थेट गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं आवळले. रुळांवर बेअरिंगचा ट्रे, तो ओढला की दोन्ही सायकली दाराबाहेर येणार. दोन हँडल एकमेकांना घासतील तिथे जुन्या मागाच्या चामड्याचे तुकडे बसवले. बॅटऱ्या रोज काढून बाहेरून हवा लागणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या, कारण झोपायच्या पलंगाखाली बॅटरी चार्जिंगला लावणाऱ्याला तो सरळ मूर्ख म्हणायचा. पट्टे आवळून झाले की प्रत्येकाला टिचकी मारून कान द्यायचा. आवाज ठीक आला तरच गाडी हलायची.

आणि मग कुलूप. हे मात्र विकतचं होतं, आणि या गोष्टीतलं सगळं बरंवाईट त्या कुलपानंच केलं.

दोन हजार सत्तेचाळीस सालापर्यंत सायकलचोर फारच हुशार झाले होते. किल्ली, नंबर, बोटाचा ठसा, चेहरा, कशाचीही नक्कल करायचे. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणसाचे पाय काही चोरता येत नाहीत. पेडलच्या दांड्यात दाब मोजणाऱ्या केसाएवढ्या पट्ट्या बसवल्या. पेडलच्या एका फेऱ्यात त्या शेकडो वेळा दाब टिपतात: कुठला पाय किती भार घेतो, वरच्या टोकाला कोण रेंगाळतं, खाली येताना कुठे सैल पडतं. एकूण जोर किती याला महत्त्व नाही, जोराची वाटणी महत्त्वाची. माणूस दमलेला असो की भरपेट जेवून आलेला, ती वाटणी फारशी बदलत नाही. प्रत्येकाची वेगळी असते, सहीसारखी. ट्रे बाहेर ओढायचा, सायकलवर बसायचं, जागच्या जागी बारा फेरे मारायचे. जुन्या नोंदीशी नव्वद टक्के जुळलं तर हिरवा दिवा लागून रुळावरची पकड सुटते. नाही जुळलं तर लाल. वयानुसार पाय बदलतात म्हणून कुलूप थोडंथोडं शिकत जातं, पण फार नाही. नाहीतर एखाद्या चोरानं महिनाभर बसून त्याला आपलेच पाय शिकवले असते. आणि एकदा ओळख पटली की दोन तास ते पुन्हा चौकशी करत नाही, कुणीही चार फेरे मारले तरी हिरवा दिवा दाखवतं. माणूस चहा प्यायला थांबला तर त्याला पुन्हापुन्हा छळू नये म्हणून ही सवलत.

कुलूप बसवलं त्या दिवशी उमाकांतनं बारा फेरे मारले, हिरवा दिवा बघितला आणि अंगणात उभं राहून जाहीर केलं, "ज्या दिवशी ही सायकल मला वळखनार न्हाई, त्या दिवशी गाडी माघारी वळवायची. प्रवास बंद."

"वळखनार न्हाई म्हंजे?" शैलजा म्हणाली. "तुमाला वळखत न्हाई असं इचलकरंजीत कुत्रं तरी हाय काय?"

"चेष्टा न्हाई, शैला. माग बिघडला की आधी बंद करायचा, मग बघायचं काय झालंय ते. बिघडलेला चालवत ठिवला की सगळं कापड वाया. मानसाचंबी तसंच हाय."

शैलजा हसली. तिच्या लेखी बिघडण्यासारखं त्या माणसात काही नव्हतंच. एकसष्टाव्या वर्षी सुद्धा तो घोड्यासारखा चालायचा. मुलगी लग्न होऊन सुखात होती, मागं कुणी अडवणारं नव्हतं, आणि एकतीस वर्षं घरात पायानं चरखा चालवत मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या शैलजाला पहिल्यांदाच कुठंतरी जायला मिळत होतं. दापोलीपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं कन्याकुमारी. एकेका गावात महिना महिना राहायचं, सकाळी सायकलींवर निघायचं, दुपारी आंबाडीची भाजी रांधायची. या बाईला समुद्राचं इतकं वेड लागेल हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. ती सायकलवरून मोठमोठ्यानं गायला लागली तेव्हा उमाकांत मागं वळून बघत बसला आणि एका म्हशीवर जाता जाता राहिला.

गुहागरला आले तेव्हा तिच्या लक्षात आलं.

फोनशी उमाकांतचं कधी जमलं नाही, म्हणून दोन्ही कुलपांचे आकडे शैलजाच्याच फोनवर यायचे. त्याचा आकडा कायम अठ्ठ्याण्णव असायचा. तो शहाण्णव झाला, त्र्याण्णव झाला. एका सकाळी लाल दिवा लागला. "गारठलाय पाय," म्हणून त्यानं पुन्हा बारा फेरे मारले आणि कसाबसा हिरवा लागला. आठवड्यानं तीनदा मारावे लागले. त्या दिवशी सायकलवरून परत आल्यावर तो पलंगाच्या कडेला बसून आपल्या डाव्या घोट्याकडे बघत राहिला. तो घोटा तरुणपणी मागाचा सूत गुंडाळलेला जड बीम पडून मोडला होता.

शैलजाला रडू फुटलं ते गाडीच्या मागे गेल्यावर. गाडी माघारी वळणार. पुन्हा ते घर, तोच कट्टा, आणि हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघणार. यंत्रानं नाही म्हटलं की उमाकांतच्या जगात पुढे अपील नव्हतं. तो मनानंच म्हातारा झाला असता.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करायला गावात गेला तेव्हा तिनं ट्रे बाहेर ओढला आणि त्याच्या सायकलवर बसली. सीट खाली घेता येत नव्हती. घेतली तर त्याला लगेच कळलं असतं. कशीबशी टोकावर बसून, बोटांनी पेडल गाठत तिनं बारा फेरे मारले. फोनवर आकडा आला: अडतीस. खाली दोन रेषा होत्या, एक त्याच्या जुन्या पायांची, एक तिच्या आत्ताच्या. तिनं त्या नीट बघितल्या. उजवा पाय जड. डावा, तो मोडलेला घोटा, आळशी. आणि वर गेल्यावर एक बारीकसा विसावा, जणू पुढचा फेरा मारावा की नाही याचा विचार चाललाय. त्याचंच होतं ते. जेवताना पहिला घास उचलतानाही तो असाच थांबायचा.

अठरा दिवस लागले. तो दाढीला गेला, मासे आणायला गेला, वाळूत कुणाची बोट दुरुस्त करायला गेला की ती सायकलवर. पोटऱ्यांना गोळे यायचे. दिवसा त्याच्या मागून सायकल चालवताना ती समुद्राकडे न बघता त्याच्या टाचांकडे बघायची आणि आपले पाय त्या तालात टाकायची. एकोणिसाव्या दिवशी टक्कन आवाज झाला, हिरवा दिवा लागला, आणि तिनं सायकलच्या हँडलवर डोकं टेकलं.

मग रोजचंच झालं. उन्हं यायच्या सुमाराला ती उठायची, बेअरिंगला खोबरेल लावलेला ट्रे हळूच ओढायची, त्याच्या पायांची सही करायची, ट्रे आत सारून चहा ठेवायची. साताला तो उठायचा. त्याच्या चार फेऱ्यांत हिरवा दिवा लागायचा.

"बघितलंस?" पहिल्या दिवशी तो म्हणाला. "गारठाच हुता."

"मी म्हनत हुते की," ती म्हणाली. त्या दिवशी त्यानं बाजारातून तिच्यासाठी सुरंगीच्या फुलांचे ओंजळभर गजरे आणले. ते गजरे तिनं आरशावर अडकवले. इतकी सुखी आणि इतकी लबाड ती आयुष्यात कधीच नव्हती.

पाच महिन्यांनी कुडाळला त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली. तिथं मेंदूच्या विकारांच्या एक डॉक्टर आहेत असं कळलं म्हणून शैलजा त्याला घेऊन गेली. डॉक्टर चाळिशीच्या, हसऱ्या. त्यांनी बोटं तपासली, चालायला लावलं, आणि मग विचारलं, "सायकल चालवता ना? पायांच्या कुलपाची? मग काम सोपं झालं."

त्यांनी समजावून सांगितलं. कंपवात हातात दिसतो त्याच्या बराच आधी पायात उतरतो, इतका बारीक की माणसाला कळत नाही, पण पेडलला कळतो. हजारो सायकलींच्या नोंदी तपासल्यावर हे लक्षात आलं होतं. नोंदीतला आकडा घसरत चालला की समजायचं. "आणि आता औषधही आलंय. मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबवतं. फक्त सुरुवातीला द्यावं लागतं. एकदा पेशी गेल्या की मग ते औषध काय आणि साखरेची गोळी काय."

शैलजानं फोन पुढे केला. डॉक्टरांनी हिरव्या दिव्यांची नोंद चाळली. "सुरुवातीला जरा घसरण दिसतेय, पण नंतर बघा, पाच महिने एकसारखा, ब्याण्णव, त्र्याण्णव. कंपवातात आकडा असा सावरत नाही कधी. काळजी नको. खांद्याची नस आखडली असेल."

त्या वेळी बोलायचं होतं. शैलजाच्या जिभेवर शब्द आले होते. डॉक्टर, हे पाय माझे आहेत. एवढंच वाक्य. तिनं उमाकांतकडे बघितलं. तो तिच्याचकडे बघत होता, आणि हसला. सुटल्यासारखा हसला असं तिला वाटलं. इतकी शिकलेली बाई काळजी नको म्हणतेय, तर नसेलच काही, असं तिनं मनाशी धरलं. आपणच केलेल्या खोट्या सहीवर तिनं विश्वास ठेवला. सांगायचंच तर रात्री सांगू, नाहीतर पुढच्या गावी, नाहीतर कारवारला पोचल्यावर.

कारवारला पोचायला त्यांना सात महिने लागले. पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी उमाकांत सपाट रस्त्यावर सायकलवरून पडला आणि उठेना. लागलं काही नव्हतं. पाय त्याचं ऐकत नव्हते, एवढंच.

मग गाडी माघारी वळलीच. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढलं, तेवढंच बघितलं आणि चष्मा काढला. वर्षापूर्वी आला असता तर, असं त्यांनी वाक्य सुरू केलं आणि शैलजाचं तोंड बघून तिथंच सोडलं.

संध्याकाळी गाडी दवाखान्याच्या आवारात उभी होती. उमाकांत पलंगावर उशांना टेकून बसला होता. शैलजा त्याच्या पायाशी खाली बसली आणि तिनं सांगून टाकलं. गुहागरपासूनचं सगळं, सीटच्या टोकावर बसण्यापासून कुडाळच्या डॉक्टरांपर्यंत. "मी मारलं तुमाला," ती म्हणाली. "माज्या हातानं मारलं."

बोलायला त्याला आता वेळ लागायचा.

"शैला, गॅरेज कुटं हाय?"

तिला प्रश्न कळला नाही.

"पलंगाखाली हाय न्हवं? आनि पलंगावर कोन निजतंय?" त्यानं थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, तो खांद्यावर पडला. "चौतीस वर्षं माग ऐकलेत मी. पैल्याच दिवशी कळलं. ताल माजा आनि पाय तुजे. तुजं डावं आधी पडतंय, लगबगीनं, कांड्या भरताना पडायचं तसं. ते तू दाबत हुतीस. मला ऐकू येत हुतं दाबलेलं."

शैलजानं मान वर केली. "मग बोलला का न्हाई? कुडाळात? त्या बाई औषधाचं सांगत हुत्या तवा?"

"काय बोलू? तू समुद्राकडं बगून गायला लागलीस. तुला गाताना मी एकतीस वर्षांत ऐकलं न्हवतं. म्हटलं, बाई माज्यासाठी पोटऱ्या फोडून घेतीया, तिला चारचौघांत खोटी पाडू? आनि…" तो थांबला, घास उचलताना थांबायचा तसा. "आनि त्या डॉक्टरीन न्हाई म्हनल्या तवा मलाबी बरं वाटलं. खोटं का आसंना. बिघडलेला माग आपन दोघांनी मिळून चालवत ठिवला, शैला. तुजी एकटीची चूक न्हाई."

ती त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून रडली. तोही रडला. आवारातले लोक काचेतून बघत होते, तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

इचलकरंजीला आल्यावर उमाकांत घरात राहायला तयार होईना. अंगणात उभ्या गाडीतच, त्या पलंगावरच, तो झोपायचा. मुलगी येऊन समजावून गेली, काही उपयोग झाला नाही. हळूहळू त्याचं बोलणं गेलं. हात तेवढा थोडा हलायचा.

एका सकाळी शैलजानं सवयीनं ट्रे ओढला. सायकल कुठं न्यायची नव्हती. तरी ती बसली आणि त्याच्या तालात फेरे मारायला लागली. उजवा पाय खाली आला आणि वरून ठक असा आवाज आला. ती थांबली. पुन्हा सुरू केलं तर उजव्याच पायाला पुन्हा ठक. तो पलंगाच्या प्लायवर बोटाच्या पेरानं ठोकत होता. तिला कळायला वेळ लागला नाही. उजवा उशिरा पडतोय, असं तो सांगत होता. तिनं सुधारलं. वरच्या टोकाला ठक. अजून थांब. ती थांबली. बारा फेरे होऊन हिरवा दिवा लागला तेव्हा तिनं आकडा बघितला: सत्त्याण्णव.

त्यानंतर सात महिने रोज सकाळी ते दोघं असंच बोलले. शेजारच्या बायकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. नवरा अंथरुणाला खिळलाय आणि ही सकाळी उठून बाहेर काढलेल्या सायकलवर जागच्या जागी पाय मारतेय. शैलजानं कुणाला काही सांगितलं नाही. ठोके दिवसेंदिवस कमी व्हायला लागले. आधी तिला वाटलं की त्याची ताकद सरत चाललीय. मग लक्षात आलं, की तिचं चुकत नव्हतं म्हणून तो ठोकत नव्हता. आकडा नव्व्याण्णवावर गेला. तो पेडलवर नसताना त्याचे पाय गॅरेजच्या दारात चालायचे आणि तो वर पडून ऐकायचा.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बारा फेरे झाले आणि वरून एकही ठोका आला नाही. चुकलंच नसेल, असं म्हणून तिनं मुद्दाम एक फेरा चुकीचा मारला. मग अजून एक. मग पायात चप्पल न घालताच ती गाडीत चढली.

तेराव्याचं सगळं उरकून, माणसं आपापल्या घरी गेल्यावर, घरात बसवेना म्हणून शैलजा अंगणात आली. तिला वाटलं, जरा बाहेर जाऊन यावं. पंचगंगेपर्यंत, सायकलवरून. त्याच्या सायकलला हात लावायचा आज धीर नव्हता. आपली काढावी. कारवारनंतर ती एकदाही निघाली नव्हती. तिनं ट्रे ओढला, पट्टे सोडले, पत्र्याच्या पेटीतून बॅटरी काढून बसवली. सीट तिच्याच उंचीची होती. किती दिवसांनी पाय नीट पोचले.

तिनं बारा फेरे मारले. दिवा लाल.

फोनवर बघितलं. छत्तीस. दोन रेषा होत्या, एक तिच्या जुन्या पायांची, एक आत्ताची. आत्ताची रेषा तिनं लगेच ओळखली. उजवा जड, डावा आळशी, वर गेल्यावर बारीकसा विसावा.

ती पुन्हा बसली. आपल्यासारखे पाय टाकायचे, त्यात काय अवघड, असं स्वतःला म्हणाली. डावा आधी, लगबगीनं. पण लगबगीनं म्हणजे किती? कांड्या भरताना कसा पडायचा? तिनं आठवून बघितलं, डोळे मिटून बघितलं, रेषेकडे बघून मारून बघितलं. पाय प्रत्येक फेऱ्याला वर जाऊन थांबत होते. लाल. तिचे पाय कसे चालायचे हे ऐकून सांगणारा एकच माणूस या जगात होता.

तिनं तिसऱ्यांदा सुरुवात केली. सावकाश, प्रत्येक फेऱ्याला कान वर लावून. बारा झाले. दिवा लालच होता. पलंगावरून कुणी ठोकलं नाही.